पिसवांची अधिहर्षता, कुत्र्यांतील : मुखावाटे चिकित्सा

पिसू चावताना तिच्या लाळेतील प्रथिने त्वचेत उतरतात आणि त्यांविषयी कुत्र्याच्या शरीरात अधिहर्षता, म्हणजे ॲलर्जी, निर्माण झाली की तीव्र खाजेचा त्वचारोग जडतो. शेपटीचे मूळ, कंबर व मांड्यांची आतली बाजू येथील केस झडतात, पुरळ उठतो आणि सतत चावल्याने कातडी ओली, लाल होते. अशा कुत्र्यास मोजके चावेही पुरतात, शिवाय तो अंग चाटताना पिसवा गिळून टाकतो. त्यामुळे अंगावर पिसू न सापडणे हा रोग नसल्याचा पुरावा मानता येत नाही. बारीक फणीने निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर तांबूस डाग सोडत असेल, तर ती पिसवांची रक्तयुक्त विष्ठा होय.

मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते व ती गळून अंथरुणात, फरशीच्या फटींत पडतात. अंगावरील प्रौढ पिसवा घरातील एकूण पिसवांच्या सुमारे ५ टक्केच असतात; उरलेल्या अंडी, अळ्या व कोश या अवस्थांत घरभर विखुरलेल्या असतात. अळ्या कोरड्या हवेत व ३५° सेल्सिअसवरील उष्णतेत टिकत नाहीत, म्हणून नाशिकमध्ये एप्रिल-मेचे ऊन उघड्या अंगणात त्यांना मारक ठरते. परंतु जुन्या नाशकातील वा पंचवटीतील वाड्यांच्या सावलीतल्या, ओल धरणाऱ्या फटींना हा नियम लागू पडत नाही आणि पावसाळा तर अळ्यांना सर्वत्रच अनुकूल असतो. कोशातील पिसू यजमान न मिळाल्यास काही महिने दबून राहते.

मुखावाटे औषधांपैकी नायटेनपायराम अर्ध्या तासात पिसवा मारू लागते, मात्र त्याचा प्रभाव एक-दोन दिवसांत ओसरतो. लुफेन्युरॉन अंड्यांची वाढ रोखते, पण प्रौढ पिसू मारत नाही. अधिहर्षता झालेल्या कुत्र्यास ते एकटे अपुरे होय. आयसोक्झाझोलीन गटातील औषधे कीटकांच्या चेतापेशींतील क्लोराइड आयनांचे मार्ग रोखून त्यांना मारतात. त्यांत ॲफॉक्सोलेनर (किलोस किमान २.५ मिग्रॅ.) व सारोलेनर (२ मिग्रॅ.) महिन्यातून एकदा, तर फ्लुरालेनर (२५ मिग्रॅ.) बारा आठवड्यांतून एकदा देतात. औषध रक्तात असल्याने पिसू चावल्याखेरीज मरत नाही, असा आक्षेप घेतला जातो. तथापि ती लवकर मरत असल्याने लाळेचा एकूण संपर्क घटतो व हाच लाभ निर्णायक आहे. या गटामुळे काही कुत्र्यांत थरथर, तोल जाणे वा झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला. झटक्यांचा पूर्वेतिहास पशुवैद्यास सांगणे म्हणूनच आवश्यक ठरते.

खाज शमवण्यासाठी प्रेडनिसोलोन थोडे दिवस किंवा, वर्षावरील कुत्र्यांत, ओक्लासिटिनिब देतात. यांपैकी कशानेही पिसू मरत नाही. खाज थांबताच गोळी बंद करणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण कोशांतून नव्या पिसवा निघतच असतात. घरातील प्रत्येक कुत्र्यामांजरावर, त्या त्या प्राण्यासाठी संमत औषधाने, किमान तीन महिने उपचार चालवावे लागतात.



पिसू गिळल्याने कुत्र्यास डिपिलिडियम कॅनिनम हा पट्टकृमी होऊ शकतो. पिसवानाशक गोळ्यांचा त्यावर परिणाम होत नसल्याने प्राझिक्वाँटेल वेगळे द्यावे लागते.