रेकॉर्ड प्लेअरचे कंपनविलगीकरण

जमीन, टेबल, मोटर आणि खुद्द स्पीकर यांच्याकडून येणारी कंपने तबकडी व सुई यांच्यापर्यंत पोहोचू नयेत, यासाठी केलेल्या यांत्रिक योजनेला रेकॉर्ड प्लेअरचे कंपनविलगीकरण म्हणतात. खाली बसवलेल्या स्प्रिंगा, मऊ रबरी पाय किंवा भिंतीला ठोकलेली फळी ही तिची नेहमीची रूपे होत. तिच्यामुळे ध्वनी स्वच्छ होतो. शिवाय धक्क्याने सुई उडून तबकडीवर ओरखडे पडण्याचा धोकाही कमी होतो. ज्या ध्वनिमुद्रणाची नवी आवृत्ती कधी निघालीच नाही, त्याच्या बाबतीत हा दुसरा लाभ पहिल्याहून मोलाचा मानावा लागेल.

कंपनांचा उपद्रव

सुईमागील कार्ट्रिज हे सुई आणि स्वतःचे अंग यांच्यातील सापेक्ष हालचालीचे विद्युत संकेतात रूपांतर करते. ती हालचाल चरातील नागमोडीमुळे झाली की टेबल हादरल्यामुळे, हा भेद त्याला कळत नाही. दीर्घवादी तबकडीचा चर साधारण ५० मायक्रोमीटर रुंद, म्हणजे केसाच्या जाडीएवढा असतो आणि त्यातील हळुवार स्वरांच्या खुणा एका मायक्रोमीटरहूनही लहान असू शकतात. अशा ठिकाणी बोटाला न जाणवणारी थरथरही क्षुल्लक राहत नाही.

त्यात मुद्रणपद्धतीची भर पडते. १९५४ मध्ये अमेरिकेत ठरलेल्या आरआयएए मानकानुसार खर्जाचे स्वर चरात मुद्दाम दाबून कोरले जातात आणि वाजवताना पुन्हा उचलले जातात. १००० हर्ट्झच्या तुलनेत २० हर्ट्झला ही उचल सुमारे १९ डेसिबल, म्हणजे नऊ पटींहून थोडी अधिक असते. पावलांचे दणके आणि मोटरची घरघर नेमकी याच खालच्या पट्ट्यात येते, त्यामुळे तीही तितकीच फुगते. चावीच्या जुन्या ग्रामोफोनात विद्युत प्रवर्धन नसल्याने हा त्रास फारसा जाणवत नसे.

सर्वांत घातक प्रकार ध्वनीच्या उलट फेऱ्याचा. स्पीकरमधील खर्ज फळीतून सुईपर्यंत जातो, अॅम्प्लिफायरमधून वाढून पुन्हा स्पीकरमधून बाहेर पडतो आणि हा फेरा वाढत जाऊन घुमणारा आवाज येऊ लागतो. तो घुमू लागण्याच्या अलीकडच्या पायरीवरही खर्ज गढूळ होतो. ऐकणारा मात्र त्याचा दोष बहुधा तबकडीला देतो.

तत्त्व

स्प्रिंगवर ठेवलेल्या वस्तूला डोलण्याची स्वतःची एक वारंवारता असते. तिच्या सुमारे १.४ पटीहून वरची कंपनेच अडवली जातात. तिच्या आसपासची कंपने उलट वाढतात. यालाच अनुस्पंदन म्हणतात. वजनाखाली स्प्रिंग किती दबते, यावरून ही वारंवारता काढता येते. १० मिलिमीटर दबल्यास ती सुमारे ५ हर्ट्झ, अडीच मिलिमीटर दबल्यास १० हर्ट्झ असते. जेमतेम पाव मिलिमीटर दबणारा कडक रबरी तुकडा ३० हर्ट्झच्याही वर जातो, म्हणून खर्जातील उपद्रव तो थांबवू शकत नाही. बाजारात महागड्या दराने विकल्या जाणाऱ्या अनेक चकत्यांना हा साधा हिशेब लावून पाहावा.

सुई व तिची दांडी यांचेही स्वतःचे अनुस्पंदन असते आणि ते साधारण ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावे असे मानतात. खालचा आधार त्याच वारंवारतेला डोलू लागला, तर तो नसलेला बरा. म्हणून चांगल्या झुलत्या रचनेत ही वारंवारता ३ ते ५ हर्ट्झच्या आसपास ठेवतात.

दोन परंपरा

अमेरिकेतील अॅकॉस्टिक रिसर्च या कंपनीसाठी एडगर विल्चर यांनी रचलेला रेकॉर्ड प्लेअर १९६१ मध्ये बाजारात आला. त्यात फिरते ताट आणि सुईची दांडी एकाच उपचौकटीवर घट्ट बसवून ती चौकट तीन स्प्रिंगांवर झुलती ठेवलेली होती. मोटर मात्र बाहेर, रबरी पट्ट्याने जोडलेली. ताट आणि दांडी एकत्र डोलल्याने त्यांच्यातील सापेक्ष हालचाल घटते, हे या कल्पनेचे मर्म. स्वित्झर्लंडच्या थोरेन्सने टीडी १५० मध्ये आणि पुढे स्कॉटलंडच्या लिनने सोंडेक एलपी१२ मध्ये हीच वाट धरली.

जपानच्या टेक्निक्सने १९७२ मध्ये आणलेला एसएल-१२०० दुसऱ्या परंपरेतला. त्यात मोटर थेट ताटाखाली असते. १९७९ च्या सुधारित आवृत्तीचे वजन १२ किलोंहून अधिक होते आणि तिचा तळ जड रबराचा होता. नृत्यगृहातील दणदणाटात तो टिकला, यात नवल नाही.

घरगुती उपाय

लाकडी तक्तपोशी चालताना लवते. ब्रिटनमधील जुन्या घरांत आणि मुंबईतील जुन्या चाळींत हा अनुभव सारखाच. झुलता प्लेअर अशा जमिनीवर उलट अधिक हेलकावतो. तेथे भिंतीला, शक्यतो विटांच्या जाड भिंतीला, ठोकलेली फळी हा उत्तम उपाय होय. सिमेंट काँक्रीटच्या जमिनीवर पावलांचा त्रास कमी असतो आणि मुख्य शत्रू स्पीकर ठरतो. म्हणून दोन्ही एकाच टेबलावर ठेवू नयेत.

सायकलच्या ट्यूबमध्ये थोडी हवा भरून तिच्यावर जड फळी ठेवणे, अथवा अर्धे कापलेले स्क्वॉशचे चेंडू पायांखाली देणे, हे स्वस्त उपाय प्रचलित आहेत. ग्रॅनाइटची फरशी एकटी फार काही साधत नाही. तिच्याखाली मऊ आधार हवा. टोकदार धातूचे पाय वस्तू स्थिर करतात, पण कंपन तोडत नाहीत. प्रत्येक बदलानंतर पाणसळ लावून ताट समतल आहे की नाही हे पाहावे.

उपायाचा गुण तपासण्यासाठी प्लेअर न फिरवता सुई थांबलेल्या तबकडीवर ठेवावी, आवाज नेहमीच्या पातळीपर्यंत हळूहळू वाढवावा आणि फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. स्पीकरमधून ‘धप्’ असा आवाज येऊन तो रेंगाळला, तर विलगीकरण अपुरे आहे. हीच चाचणी प्लेअरचे झाकण उघडे ठेवून आणि बंद करून, दोन्ही प्रकारे करावी. कित्येकदा स्पीकरचा आवाज झाकणच पकडत असल्याचे आढळते.