बोकड कुणी कापला?

पदवीच्या वर्गात तुकोबांचा एक अभंग शिकवीत होतो. देव उच्चनीच काही जाणत नाही आणि भक्तांची कामे स्वतः करतो, असे सांगणारा तो प्रसिद्ध अभंग. त्यात देव रोहिदासासोबत कातडे रंगवतो, कबिराच्या मागावर शेले विणतो, सजन कसायाच्या दुकानात मांसही विकू लागतो. तास संपल्यावर मागच्या बाकावरचा एक विद्यार्थी थांबला. त्याच्या वडिलांचे जिल्ह्यातल्याच एका बाजारगावी मटणाचे दुकान. आजोबांपासून चालत आलेले. तो म्हणाला, ‘‘सर, देवानं मांस विकलं हे ठीक. पण त्या दिवशी बोकड कुणी कापला?’’

मला उत्तर देता आले नाही. नंतर जुने ग्रंथ पुन्हा चाळताना ध्यानात आले, की हा प्रश्न आपल्या परंपरेने फार कुशलतेने टाळलेला आहे. आपल्या साहित्यात खाटकाचे दुकान नाही असे नाही. ते आहे, आणि मोक्याच्या जागी आहे. मात्र दुकानदाराच्या हातातली सुरी तिथे सहसा दिसत नाही.

सर्वांत जुने आणि सर्वांत तपशीलवार दुकान महाभारताच्या वनपर्वात आहे, कवीने कल्पिलेल्या मिथिलेत. क्रोधाच्या एका दृष्टिक्षेपाने बगळी जाळणारा कौशिक नावाचा ब्राह्मण एका गृहिणीच्या सांगण्यावरून धर्म शिकण्यासाठी तिथे येतो, तेव्हा धर्मव्याध हरणाचे आणि म्हशीचे मांस विकत बसलेला असतो. गिऱ्हाइकांची गर्दी असल्यामुळे ब्राह्मण बाजूला उभा राहतो. पुढे व्याध त्याला घरी नेतो. घरी म्हातारे आईबाप आहेत, त्यांची सेवा हाच व्याधाचा धर्म आहे. धंदा बापआजांपासून आलेला आहे. ‘पिढीजात दुकान’ म्हणून आज आपण जे ओळखतो, त्याची सगळी अंगे इथे आहेत: गर्दी, घर, आईबाप, वारसा. स्वामी विवेकानंदांनी कर्मयोगावरील व्याख्यानांत हीच कथा सांगितली, आणि ती जगभर पोहोचली.

पण महाभारतकाराला हा दुकानदार जसा आहे तसा पुरेसा वाटत नाही. म्हणून तीन खुलासे येतात. व्याध स्वतः जनावर मारत नाही. दुसऱ्यांनी मारलेले विकतो. तो स्वतः मांस खात नाही. आणि शेवटी कळते, की गेल्या जन्मी तो ब्राह्मणच होता. शिकारीत त्याचा बाण एका ऋषीला लागला आणि शापामुळे तो इथे जन्मला. खाटीक ज्ञानी असू शकतो हे सांगण्यासाठी आधी त्याचे खाटीकपण असे एकेक करून उतरवावे लागले. ‘दुसऱ्यांनी मारलेले’ यातले ते दुसरे कोण, त्यांचे आईबाप कोण, त्यांच्याकडे धर्म विचारायला कुणी गेले का, यावर कथा गप्प आहे.

सजन कसायाचेही तसेच. उत्तरेत तो सधना म्हणून ओळखला जातो. गुरू ग्रंथ साहिबात बिलावल रागात त्याचे एक पद आहे. दंतकथा अशी, की तो मांस तोलायला वजन म्हणून शाळिग्राम वापरीत असे. इथेही तराजू आहे, वजन आहे, विक्री आहे. दुकानातली नेमकी तीच वस्तू पवित्र झाली, जिला रक्त लागत नाही. महानुभावांच्या लीळाचरित्रात चित्र उलट आहे. ज्यांच्या नावातच भंडारा आहे त्या निळभट्ट भांडारेकारांमुळे हा पंथ आम्हांला घरचा वाटतो. तिथे पारध्यांच्या कुत्र्यांपुढे पळणारा ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि वाचतो. ही लीळा सुंदर आहे. मारणारे हात तिथे दिसतात, पण थांबवले जाण्यासाठी.

मग ज्या गावात मारणे थांबत नाही, तिथे त्या हातांची सोय कशी लावलेली होती? बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणा आहे. गावच्या जनावराच्या गळ्यावरून सुरी फिरवण्याचा मान आणि त्याचे बलुते त्याचे. खाटीक मात्र सर्वसाधारणपणे सांगितल्या जाणाऱ्या बारा बलुत्यांत नाही. त्याचे कारण मला असे वाटते, की सुतार-लोहारांवाचून शेत अडते. मांसावाचून अडत नाही. मांस सणाला, जत्रेला, पाहुणा आला तर लागते. म्हणून खाटकाचा व्यवहार खळ्यावरच्या धान्यात बसला नाही, तो तराजूवर आणि रोखीत बसला. गावाने मारण्याचा विधी एकाकडे दिला, विक्री दुसऱ्याकडे दिली आणि खाणे स्वतःकडे ठेवले.

आमच्या मुलखाचा उल्लेख इंग्रजी अमदानीत येतो. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर चार खंड प्रसिद्ध केले. त्यातील खाटकांच्या नोंदीत ‘झाडी’ नावाची पोटशाखा येते, म्हणजे वैनगंगेच्या खोऱ्यातील जंगल मुलखातली. ज्या बोलीला आपण झाडीबोली म्हणतो, ज्या रंगभूमीला झाडीपट्टीची म्हणतो, तोच हा शब्द. पुढे अनुसूचित जातींच्या यादीत ‘खाटीक, चिकवा, चिकवी’ अशी नोंद आली. खानेसुमारीच्या वहीपासून सरकारी यादीपर्यंत या कुटुंबांचा प्रवास असा जातीच्या नावाने नोंदला गेला. दुकानाच्या नावाने त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही.

भाषेनेही त्यांना न्याय दिला असे म्हणता येत नाही. ‘खाटीक’ हा संस्कृत ‘खट्टिक’शी नाते सांगणारा शब्द. ‘कसाई’चा संबंध अरबी ‘कस्साब’शी जोडला जातो. दोन्ही धंद्याची नावे, पण दोन्ही निर्दय माणसासाठी शिवी म्हणून वापरली जातात. म्हणीतही पाहा: शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. यात शेळी आहे, खाणारा आहे. मधला माणूस गायब. सुरी धरणारा म्हणीतूनही वगळला गेला, आणि जिथे वगळला नाही तिथे त्याच्यावर सगळ्यांचे क्रौर्य लादले गेले.

गंमत अशी, की प्राचीन शास्त्रकार आपल्याइतके भाबडे नव्हते. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात घातकांची यादी आहे. तिच्यात मारणारा तर आहेच, शिवाय अनुमती देणारा, तुकडे करणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणाराही आहे. तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातल्या पाच ‘सूना’ सांगितल्या आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याची घागर. ‘सूना’ म्हणजे कत्तलीची जागा. महाभारताने ज्या जागी व्याधाला बसवले, तिलाही हाच शब्द आहे. आणि व्याध स्वतः कौशिकाला काय सांगतो? नांगराखाली असंख्य जीव मरतात, धान्याचे दाणेही सजीव आहेत, संपूर्ण अहिंसक असा कुणी नाही. धानाच्या बांध्यांत चिखलणी करून जगणाऱ्या आमच्या जिल्ह्याला हा युक्तिवाद समजायला भाष्यकार लागत नाही.

म्हणजे जबाबदारी सर्वांची, हे ज्ञान परंपरेत होते. मग लाज एकाच्याच वाट्याला का आली? दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते. लेकीजावई येतात, रात्री नाटक किंवा दंडार होते आणि घरोघर मटणाचा रस्सा शिजतो. त्या दिवशी पहाटेपासून ठोकळ्यापुढे उभा असलेला माणूस गावाच्या आनंदाचा आधार असतो. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याच्या मुलाला बापाच्या धंद्यावरून चिडवले जाते. चिडवणाऱ्यांच्या घरी रस्सा उरलेला असतो.

तुकोबांचे मोठेपण मी कमी लेखत नाही. देवाला कसायाच्या दुकानात उभे करणे ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती, आणि त्यांनी व्याधासारखे खुलासेही दिले नाहीत. सजन गेल्या जन्मी कोण होता, हे ते सांगत बसत नाहीत. पण अभंग शिकवणारे आपण काय करतो? ‘भक्तीपुढे धंदा गौण’ असा अर्थ फळ्यावर लिहितो आणि पुढच्या कडव्याकडे जातो. तो दुकानात शिरला, यात जे धाडस आहे ते आपण असे पुसून टाकतो.

त्या विद्यार्थ्याला मी काही दिवसांनी एवढेच सांगितले, की अभंगात देव विकू लागतो, म्हणजे तो सजनच्या शेजारी उभा आहे. आणि सजन दुकानात आहे, म्हणजे त्याच्या हातात जे असायचे ते आहे. बोकड सजननेच कापला. देवाला ते ठाऊक होते आणि तरी तो आला. तो काही बोलला नाही. पण पुढच्या तासाला पुढच्या बाकावर बसला, आणि वर्गात बापाच्या दुकानाविषयी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलला. त्याने सांगितले, की दुकान उघडले की वडील आधी तराजू पुसतात, मग सुरी. ही माहिती मला कुठल्याच ग्रंथात मिळाली नव्हती.