कुवेतहून परतलेल्यांचा फॉर्म

२ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या आणि रत्नागिरीच्या आमच्या खाडीकाठच्या घरांत येणारे ड्राफ्ट थांबले. बसरा, बगदाद करत माणसं अम्मानला पोहोचली, तिथून एअर इंडियाच्या विमानांनी मुंबईला. असे सुमारे पावणेदोन लाख भारतीय परतले. त्या विमानांविषयी पुष्कळ लिहिलं गेलं. उतरलेल्या माणसाच्या हाती पुढे काय पडलं, याविषयी फारच थोडं. मोहल्ल्यातल्या कित्येकांचे फॉर्म मी भरले, म्हणून लिहिते.

परदेशातली नोकरी गेली म्हणून भत्ता मिळावा, अशी सोय आपल्याकडे नव्हती. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजात नाव घालायचं आणि वाट बघायची.

एप्रिल १९९१ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव ६८७ करून नुकसानीची जबाबदारी इराकवर टाकली. भरपाई आयोग जिनिव्हात बसला. अर्ज मात्र सरकारमार्फतच जायचे. 'अ' वर्गात एवढंच दाखवायचं, की २ मार्च १९९१ पर्यंतच्या त्या सात महिन्यांत आपण इराक किंवा कुवेत सोडलं. एकट्याला २,५०० डॉलर, कुटुंबाला ५,०००. दुसऱ्या वर्गात दावा करणार नाही असं मान्य केलं, तर ४,००० आणि ८,०००.

इथे प्रत्येक जण अडायचा. थकलेला पगार, बँकेतली शिल्लक, घरातलं सामान यांसाठी 'क' वर्गात एक लाख डॉलरपर्यंत मागता येई, पण त्याला कागद हवेत. पुष्कळांचा करार कफीलकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या मालकाकडे, पासपोर्टही त्याच्याच तिजोरीत. माणूस आलेला आउटपासवर, म्हणजे पासपोर्टऐवजी मिळालेल्या तात्पुरत्या कागदावर. शेजारचे चाचा फिटर होते. म्हणाले, "बाय, चार हजारच लिही. पावत्या कुठून आणू?" जीव घेऊन पळणारा पावत्या गोळा करत बसत नाही, हे जाणून कुणीतरी तो 'अ' वर्ग आखला होता. त्या माणसांविषयी मला आजही आदर वाटतो.

पैसा लांबला. भरपाई इराकच्या तेलविक्रीतून यायची, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अटींवर तेल विकायला इराक तयार नव्हता. ते वाहू लागलं डिसेंबर १९९६ मध्ये. त्यातल्या दर शंभर डॉलरमागे तीस या भरपाईकडे वळायचे, आणि तेव्हा निर्बंधांखाली इराकी मुलंही उपाशी होती. हेही सांगायलाच हवं. तोवर चाचा नव्या व्हिसावर मस्कतला गेले होते. काही घरांत रक्कम घ्यायला वारस दाखला काढावा लागला.

आयोगाने एकूण ५२.४ अब्ज डॉलर मंजूर केले. शेवटचा हप्ता कुवेतच्या तेलक्षेत्राच्या दाव्यापोटी गेला, जानेवारी २०२२ मध्ये. आधी साध्या माणसांचे दावे, मग कंपन्या आणि सरकारं, हा क्रम आयोगाने सुरुवातीलाच ठरवला होता. फिटरच्या मागे तेल कंपनी रांगेत उभी आहे, असं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.