वारा, उंची आणि जाळे

उंचावरून मजूर पडला की आपण म्हणतो, ‘तोल गेला.’ चौकशी ह्या दोन शब्दांनी सुरू होते आणि तिथेच संपते. तोल कशाने गेला, कामाची मांडणी कोणी केली होती, हे विचारायचे राहून जाते. एका मोठ्या बांधकामावर मात्र हा विचार आधी झाला आणि त्यासाठी पैसाही मोजला गेला. तो इतिहास आम्ही आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ गोल्डन गेट पुलाचे काम 5 जानेवारी 1933 रोजी सुरू झाले. मनोरे 746 फूट उंच. दोहोंमधले अंतर 4,200 फूट. पॅसिफिक महासागरावरचा वारा त्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत घुसतो. त्याच्यासोबत धुके येते आणि लोखंड निसरडे होते. त्या काळी पूल बांधणाऱ्यांत एक आडाखा रूढ होता : दहा लाख डॉलर खर्चामागे एक माणूस जायचाच. हे काम साडेतीन कोटी डॉलरचे. म्हणजे पस्तीस माणसे आधीच खर्ची पडलेली!

मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी हा आडाखा मानला नाही. कामगारांना कठीण टोप्या दिल्या, दोर बांधण्याची सक्ती केली आणि 1936 साली पुलाखाली दोन्ही बाजूंना दहा-दहा फूट बाहेर येईल असे जाळे टांगले. जाळ्याला सुमारे एक लाख तीस हजार डॉलर लागले. शंभर रुपयांच्या कामात सदतीस पैसे म्हणा ना! त्या जाळ्यात एकोणीस माणसे पडली आणि जगली. त्यांनी आपल्या मंडळाला ‘हाफवे टू हेल क्लब’ असे नाव दिले. नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेली ही मंडळी!

पण 17 फेब्रुवारी 1937 रोजी सुमारे पाच टनांची टांगती परांची सुटली आणि जाळे फाडून पाण्यात गेली. दहा माणसे दगावली. जाळे माणसाला झेलण्यासाठी होते, परांचीला नव्हे. तेव्हा आधी परांची पक्की, मग कठडा, मग दोर. आणि जाळे सर्वांच्या शेवटी. मे 1937 मध्ये पूल खुला झाला, तेव्हा मृतांची संख्या अकरा होती. अकरा जीवही थोडे नव्हेत. पण पस्तीसचा आडाखा दैवाचा नव्हता, एवढे सिद्ध झाले.

आता आपल्याकडे पाहू. वैशाखात, पावसापूर्वी, गावोगाव छपरे दुरुस्त होतात आणि वळवाची वावटळही ह्याच दिवसांत उठते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. दहा फूट लांब, साडेतीन फूट रुंद पत्रा वाऱ्यापुढे आडवा धरला, तर ताशी 36 किलोमीटर वाऱ्यात त्यावर वीस किलोंचा रेटा येतो. ताशी 72 किलोमीटरला ऐंशी किलोंचा. तो धरणाऱ्या माणसाचे वजन तरी तितके असते काय?

1996 साली संसदेने बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. 1998 च्या केंद्रीय नियमांत तीव्र उताराच्या छपरांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. परंतु दहापेक्षा कमी मजुरांच्या कामाला तो कायदा लागूच नव्हता, आणि घराचे छप्पर तर दोघे-तिघेच करतात!

उपाय अवघड नाहीत. दोर पत्र्याला न बांधता इमारतीच्या भक्कम सांगाड्याला बांधावा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय न देता फळी टाकावी. सुटे पत्रे बांधून ठेवावेत. झोत सुरू होताच माणसे खाली घ्यावीत. हे सारे छपरावरचा माणूस जाणतो. तरीही तो वाऱ्यात वर थांबतो, कारण खाली उतरला तर दिवस भरत नाही. आमच्या तीस वर्षांच्या कामात आम्ही हे वारंवार पाहिले.

श्रोतेहो, येत्या महिन्यात आपल्यापैकी पुष्कळांच्या घरावर कोणी तरी चढेल. मजुरी ठरविताना एक वाक्य आधी बोला : ‘वारा सुटला तर उतरा, त्या तासांचे पैसे कापणार नाही.’ स्ट्रॉस यांच्या जाळ्याहून हा खर्च खचित कमी आहे.