मासा नोंदला, ओढा राहिला

धाराशिव तालुक्यातल्या बेंबळीच्या शिवारात एखादा ओढा दाखवून ‘यात मासे असतात का?’ असे विचारले, तर समोरचा माणूस आधी महिना विचारील. श्रावणात असतात, होळीला नसतात. मधल्या काळात ते कुठे जातात, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि ज्यांचे कामच हे विचारण्याचे, त्या मत्स्यशास्त्रज्ञांनीही तो फार उशिरा विचारला. दख्खनच्या माशांचा शास्त्रीय अभ्यास सुरू होऊन पावणेदोनशेहून अधिक वर्षे झाली. त्या अभ्यासात माशांची नावे आहेत, खवल्यांच्या आणि परांच्या काट्यांच्या मोजण्या आहेत. ज्या पाण्यात तो मासा राहतो ते किती खोल, किती वेगाचे आणि वर्षातून किती दिवस वाहते, याची नोंद त्या मानाने अगदी तुटपुंजी आहे.

सुरुवात कर्नल विल्यम हेन्री साइक्सपासून करावी लागते. १८२४ ते १८३१ या काळात तो मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून दख्खनभर हिंडला. पिके, लोकसंख्या, पक्षी, प्राणी, काय दिसेल ते त्याने टिपले. भीमा, मुळा-मुठा आणि आसपासच्या नद्यांतले मासे त्याने जमवले आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे १८३८मध्ये त्यांच्यावर निबंध वाचला. या निबंधाची गंमत अशी, की नव्या जातींना लॅटिन नावे देताना त्याने भोयांच्या तोंडची मराठी नावेच पुष्कळदा उचलली. खुद्री, कोळस, पोटील, नुकटा, फुलंगी, टाकरी, मल्या, शिंगटी. इंग्रजी कानांनी ऐकून रोमन लिपीत बसवलेली ही नावे आज जगभरच्या सूचीत आहेत, आणि बर्लिनच्या किंवा टोकियोच्या अभ्यासकाला दख्खनचा महासीर म्हणायचा तर ‘खुद्री’च म्हणावे लागते.

याच साइक्सने दख्खनच्या हवामानावरही निबंध लिहिला. तो १८३५मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. म्हणजे हवेचा दाब, पाऊस आणि मासे, तिन्हींवर एकाच माणसाची नजर होती. पण हवामान एका निबंधात गेले आणि मासे दुसऱ्यात. पुढच्या शंभर वर्षांच्या अभ्यासाची वाटणी जणू तिथेच झाली. त्याबद्दल साइक्सला बोल लावण्यात अर्थ नाही. त्याच्या काळात नदीला आजच्याइतके कोणी अडवले नव्हते, तेव्हा प्रवाह ही नोंदवण्याची गोष्ट वाटली नसेल. पाणी नाहीसे होऊ लागल्यावरच पाणी मोजले जाते.

इंग्रज अधिकाऱ्यांचे मन तोवर दुसऱ्याच माशात गुंतले होते. त्यांना इथल्या डोंगरात स्कॉटलंडचा ट्राउट हवा होता. ट्राउटला बारमाही थंड, स्वच्छ, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. फ्रान्सिस डे या लष्करी डॉक्टराने १८६३पासून निलगिरीत त्याची अंडी आणून पाहिली, ती जगली नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी निलगिरीत आणि काश्मीरमध्ये ट्राउट रुजला. सह्याद्रीच्या आपल्या बाजूला तसे पाणीच नाही, म्हणून इथे महासीरलाच त्याची जागा मिळाली. एच. एस. थॉमसचे हिंदुस्थानातल्या गळाच्या मासेमारीवरचे पुस्तक १८७३मध्ये निघाले, त्यात महासीरचे कौतुक भरभरून आहे. याच वर्षी डेचा गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायावरचा अहवालही आला. त्या चर्चेतून पुढे १८९७चा मत्स्यव्यवसाय कायदा झाला. सुरुंग लावून आणि विष घालून मासे मारणे त्याने गुन्हा ठरवले. अडसर, बंधारे आणि जाळ्यांची भोके यांवर नियम करण्याची सोयही ठेवली. नदीत मुळात पाणी राहिलेच पाहिजे, असे कलम त्यात नाही.

प्रवाहाकडे प्रथम नीट पाहिले ते डोंगरओढ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी. भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणाचे पहिले संचालक नेल्सन ॲनंडेल यांनी मुंबई इलाख्यातल्या लहान ओढ्यांच्या जीवसृष्टीवर १९१९मध्ये लेख लिहिला. खंडाळ्याच्या ओढ्यातला बोटभर लांबीचा, मिशीवाला एक मासा तेव्हा शास्त्राला नवा होता. मोठ्या नद्या सोडून कोणी घाटमाथ्यावरच्या ओहोळात वाकून पाहावे, हेच त्या काळी वेगळे होते. त्यांचे सहकारी सुंदरलाल होरा त्याच वाटेने पुढे गेले. १९३०मध्ये रॉयल सोसायटीने त्यांचा जोरकस प्रवाहातल्या प्राण्यांवरचा मोठा निबंध छापला. होरांचे म्हणणे असे, की अशा माशाच्या अंगावरच पाण्याचा वेग लिहिलेला असतो. पोट चपटे, छातीचे पर आडवे पसरलेले, हवेची पिशवी आक्रसलेली, कारण तरंगला तर वाहून जाईल. साइक्सचा मल्या हे याचे घरचे उदाहरण. त्याच्या ओठाखाली एक गोल चकती असते, तिने तो धारेतल्या दगडाला चिकटून शेवाळ खरवडतो. धार थांबली की दगडावर गाळ बसतो, आणि मग त्या चकतीचाही उपयोग नाही आणि शेवाळाचाही. मोजपट्टी नसलेल्या काळात होरांनी माशालाच मोजपट्टी केले. मला हा दख्खनी मत्स्यशास्त्रातला सर्वांत मोलाचा विचार वाटतो.

दरम्यान नद्या बदलत होत्या. टाटांच्या जलविद्युत योजनेने लोणावळ्याच्या परिसरात पाणी अडवून ते घाटाखाली खोपोलीला सोडले, तिथली वीज १९१५पासून मुंबईला जाऊ लागली. पुढे मुळशीचे धरण झाले. १९२१च्या मुळशी सत्याग्रहात सेनापती बापट आणि मावळे लढले ते जमिनीसाठी. पूर्वेला भीमेकडे जायचे पाणी पश्चिमेला वळले, त्याने खालच्या डोहांचे काय झाले, हा प्रश्न कोणाच्याच कैफियतीत दिसत नाही.

त्याच टाटांच्या वळवण तलावावर १९७०च्या सुमारास मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी खुद्रीची कृत्रिम पैदास साधली. महासीरची अंडी हळदी रंगाची, जड, तळाला बसणारी. ती फुटायला तीनेक दिवस लागतात आणि नंतरही पिल्ले काही दिवस तळाशीच, गोट्यांच्या आडोशाला पडून असतात. त्यांच्यावरून स्वच्छ पाणी सतत खेळते राहिले पाहिजे. गाळ बसला की ती गुदमरली. पाऊस पडला की महासीर तलावातून वर, येणाऱ्या ओढ्यात चढतो तो यासाठी. लोणावळ्याच्या केंद्राने हे सगळे हौदात घडवले आणि लाखो बोटुकली देशभर पाठवली. खुद्री आज जागतिक सूचीत धोक्याबाहेर आहे, त्याचे श्रेय या कामाला द्यायलाच हवे.

पण त्याच बोटुकल्यांची कावेरीतली कथा वेगळी झाली. खुद्री तिथला नव्हे. तिथे पाठीला कुबड असलेला, जगातल्या सर्वांत मोठ्या महासीरांपैकी एक असा स्थानिक मासा होता. गळवाल्यांच्या नोंदवह्या तपासल्या तेव्हा दिसले, की सोडलेला खुद्री वाढत गेला आणि कुबडवाला घटत गेला. त्याचे शास्त्रीय नाव २०१८मध्ये निश्चित झाले, आणि तो अतिसंकटग्रस्त ठरला. मासा हौदात वाढवता येतो. नदी हौदात वाढवता येत नाही, आणि एका नदीचा मासा दुसरीत सोडला म्हणजे दुसरी नदी भरून निघत नाही.

नदीत किती पाणी ठेवावे, याचे गणित अखेर आले ते ट्राउटच्या मुलखातून. अमेरिकेतल्या डोनाल्ड टेनंटने मोंटाना, वायोमिंग आणि नेब्रास्का इथल्या ११ प्रवाहांवर ५८ ठिकाणी रुंदी, खोली आणि वेग मोजले. १९७६मध्ये त्याने सांगितले, की वर्षाच्या सरासरी प्रवाहाच्या १० टक्के पाण्यात मासा कसाबसा तग धरतो, ३० टक्क्यांत बरा राहतो, ६० टक्क्यांत उत्तम. ही टक्केवारी जगभर गेली. आपल्याकडे २०१८मध्ये गंगेसाठी निघालेल्या अधिसूचनेतही वरच्या टप्प्याला महिन्यांनुसार २० ते ३० टक्के प्रवाह ठरवला आहे. बर्फ वितळून भरणाऱ्या नद्यांना हे लागू पडते. आपल्या ओढ्याला लावून पाहा. समजा, तो तीन महिने सेकंदाला ४ घनमीटर वाहिला आणि नऊ महिने कोरडा राहिला. वर्षाची सरासरी आली १ घनमीटर. तिचे १० टक्के म्हणजे सेकंदाला १०० लिटर. मे महिन्यात ते कुठून आणायचे?

धाराशिव जिल्हा गोदावरी आणि कृष्णा यांच्या पाणलोटांच्या सीमेवर बसला आहे. गोरोबाकाकांच्या तेरवरून जाणारी तेरणा मांजरेमार्गे गोदावरीला जाते, नळदुर्गच्या किल्ल्याला वळसा घालणारी बोरी भीमेकडे. दोन्ही बाजूंना माशाचे वर्ष एकाच गोष्टीवर चालते, ती म्हणजे मृगा-आर्द्राचा पहिला लोंढा. कोकणात याला वलगण म्हणतात, देशावर चढणीचे मासे. गढूळ पाणी आले की मासा प्रवाहाविरुद्ध ओढ्यात चढतो, अंडी टाकतो, आणि पाणी ओसरायच्या आत पिल्लांनी खालचा डोह गाठायचा असतो. म्हणजे इथे सरासरीला अर्थ नाही. लोंढा कधी आला, ओढा सलग किती दिवस वाहिला आणि कोणते डोह पाडव्यापर्यंत टिकले, या तीन गोष्टींवर सगळे आहे. मरळ हवेतून श्वास घेते, चिखलातही उन्हाळा काढते. मल्याला ते जमत नाही.

म्हणून बांधकामाचा प्रकारही महत्त्वाचा ठरतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्याआधी काढतात, चढणीच्या माशाला वाट मिळते. सलग काँक्रीटची भिंत घातलेल्या बंधाऱ्यावर तो डोके आपटतो. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या दुष्काळाच्या धास्तीने या पट्ट्यात नाल्यांचे खोलीकरण जोरात झाले. विहिरींना पाणी हवेच होते, त्याबद्दल वाद नाही. पण यंत्राने नाला सरळ आणि खोल केला, की गोटे, वाळू, उथळ धार आणि डोह यांची जुनी मांडणी एका दिवसात काठावर ढीग होऊन पडते. पाणी उभे राहते, वाहत नाही. त्यात चिलापी वाढते.

मोठ्या धरणातला साठा रोज वर्तमानपत्रात येतो. बेंबळीसारख्या गावच्या ओढ्यावर सहसा साधी पट्टीही नसते. लोंढा कोणत्या दिवशी आला आणि कोणता डोह शेवटी आटला, हे गुराख्याला आणि भोयाला ठाऊक असते. साइक्सने त्यांच्याकडून माशांची नावे घेतली होती. पाण्याचे दिवस विचारायला अजून कोणी गेलेले नाही.