‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. १९१३ सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ मराठी माणसाने काढला, तरी तो पाहण्यास मराठी येण्याची गरज नव्हती. बोलपट आला आणि निर्मात्यांपुढे पेच पडला : मराठीत बोलावे तर बाजार लहान, हिंदुस्थानीत बोलावे तर घरची माणसे दुरावणार. कोल्हापूरच्या ‘प्रभात’ने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ दोन्ही भाषांत काढून हा पेच सोडविला. पौराणिक राजा कोणत्याही भाषेत बोलला तरी खटकत नाही. परंतु मराठी वकिलाच्या घरातील माणसे उर्दूमिश्रित हिंदुस्थानीत भांडू लागली म्हणजे काय होते, याची परीक्षा पुण्यास आलेल्या ‘प्रभात’ने १९३७ साली दिली. मराठी बोलपटाचे नाव ‘कुंकू’, हिंदुस्थानीचे ‘दुनिया न माने’.

कथा ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीची. मामाच्या पैशाच्या लोभापायी तरुण नीरा वृद्ध विधुराच्या गळ्यात बांधली जाते, आणि त्याला पती मानण्यास ती घरात राहूनच नकार देते. देवलांच्या ‘शारदे’चा प्रश्न लग्नमंडपापाशी थांबला होता, येथे तो मंडपाच्या पुढे, माजघरात सुरू होतो. शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी दोन्ही आवृत्त्यांत त्याच भूमिका केल्या. दिग्दर्शक शांताराम यांनी पार्श्वसंगीत वर्ज्य केले. घड्याळाची टिकटिक, दाराचा, भांड्यांचा आवाज, एवढ्यावरच घरातील ताण उभा राहतो. संगीतकार केशवराव भोळे यांची गाणीही कथेत कोणी प्रत्यक्ष गात असेल तेव्हाच येतात. नायिका तर लाँगफेलोची इंग्रजी कवितादेखील गाते. अखेरीस काकासाहेब स्वतःचे जीवन संपवून तिला मोकळे करतात. हा शेवट मला कधीच पुरता मानवला नाही. म्हाताऱ्याच्या मरणाने प्रश्न सुटत नाही, टळतो.

हिंदुस्थानी संवाद व गीते मुन्शी अझीज यांची. त्यांच्यापुढे पहिली अडचण नावाचीच आली असणार. उत्तरेकडे सौभाग्याची खूण म्हणजे भांगातला सिंदूर. पडद्यावर मात्र प्रत्येक दृश्यात कपाळावरचे कुंकू. जबलपुरात ज्यांची उभी हयात गेली त्यांना हा भेद समजावून सांगावयास नको. शेजारणीचा भांग आणि आपल्या आईचे कपाळ आपण रोजच पाहत आलो. ‘सिंदूर’ म्हणावे तर चित्राशी विसंगत, ‘कुंकू’ म्हणावे तर प्रेक्षकाला परके. म्हणून मथळ्यातून कपाळच गेले आणि त्याजागी ‘दुनिया’ आली.

याने काही हरवले, हे खरे. ‘कुंकू’ या एका शब्दात स्त्रीचे मन, तिचा सन्मान आणि तिची बेडी तिन्ही होती. पण मौज अशी की, मूळ कादंबरीचे ‘न पटणारी गोष्ट’ हे नाव ‘दुनिया न माने’ला अधिक जवळचे आहे! मराठीने प्रश्न स्त्रीच्या कपाळी ठेवला, हिंदुस्थानीने तो समाजाच्या दारी नेला. आपट्यांचा रोख दुसऱ्या बाजूस होता असे मला वाटते.

त्या वेळी जबलपूर मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. राजधानी नागपूर, राज्यच दुभाषी. १८७० साली मुंबई-कलकत्ता लोहमार्ग येथे सांधला गेला आणि १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला. भोसल्यांच्या अमलापासून येथे असलेल्या मराठी घरांत रेल्वेची आणि कारखान्याची घरे मिसळत गेली. घरात मराठी, ओट्याखाली हिंदी, असा आपला रिवाज. अशा वस्तीला आपले माजघर शेजाऱ्याला दाखविण्याची सोय त्या दुसऱ्या आवृत्तीने झाली. शेजारणीला घरात बोलावून जे सांगता आले नसते, ते ती तिकीट काढून तिच्याच बोलीत ऐकू शकत होती.

चार वर्षांनी, १९४१ मध्ये, शांताराम यांनी ‘शेजारी’ व ‘पडोसी’ ही आणखी एक जोडी काढली. ‘पडोसी’त हिंदू ठाकूर झाले मझहर खान आणि मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार.