योग्याची झोप

कोजागिरीच्या रात्री आमच्या गल्लीत दूध आटते, गाणी रंगतात आणि मध्यरात्रीनंतर गप्पांना अध्यात्माचे वळण लागते. गेल्या कोजागिरीला दहावीतल्या एका मुलाच्या वडिलांनी मला विचारले, "सर, ध्यान करणाऱ्याला झोपेची गरज उरत नाही म्हणतात, ते खरे का?" त्यांचा मुलगा रात्री बाराला पुस्तक मिटतो, चारला उठतो आणि राहिलेल्या झोपेच्या बदल्यात वीस मिनिटे डोळे मिटून बसतो. वडिलांच्या बोलण्यात कौतुक होते; माझ्या मनात मात्र काळजी दाटली. त्यांना त्या रात्री नीट उत्तर देता आले नाही. ते येथे देण्याचा प्रयत्न करतो.

योगी झोपत नाहीत, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. अर्जुनाच्या 'गुडाकेश' या नावाचा अर्थच निद्रेला जिंकणारा असा सांगतात. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात, सर्व प्राण्यांची जी रात्र त्या रात्री संयमी पुरुष जागा असतो, असे म्हटले आहे. तेथे ही रात्र अज्ञानाची आहे. पण ऐकणाऱ्यांनी ती घड्याळातली रात्र समजली आणि जागरणालाच तपाची प्रतिष्ठा मिळाली. गंमत अशी, की त्याच गुडाकेशाला सहाव्या अध्यायात श्रीकृष्ण बजावतो : अति झोपणाऱ्याला योग साधत नाही, तसा अति जागणाऱ्यालाही साधत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी मराठीत गीतेचा अर्थ सांगितला, तेव्हा आहार आणि निद्रा दोन्ही मोजकी असावीत, हाच मध्यम मार्ग त्यांनी लोकांपुढे ठेवला.

पतंजलींनी हा विषय शास्त्राच्या अंगाने हाताळला. योगसूत्रांत चित्ताच्या पाच वृत्ती मोजल्या आहेत. त्यांत प्रमाण, विपर्यय, विकल्प आणि स्मृती यांच्या पंगतीला निद्राही बसवली आहे. भाष्यकार व्यासांनी त्याचे साधे कारण दिले : जागा झालेला माणूस "सुखाने झोपलो" असे आठवून सांगतो, त्या अर्थी झोपेतही चित्ताचा काही व्यापार चालूच होता. योग म्हणजे वृत्तींचा निरोध. तेव्हा झोप म्हणजे समाधी नव्हे आणि समाधी म्हणजे झोपही नव्हे. दोन्हींची खाती निराळी आहेत. एका खात्यातली शिल्लक दुसऱ्यात वळती करण्याची सोय शास्त्रकारांनी ठेवलेली नाही.

बौद्ध परंपरेत सुस्ती आणि पेंग ही ध्यानाच्या पाच अडथळ्यांत मोडतात. पाली ग्रंथांतली एक कथा मला फार आवडते. ध्यानाला बसलेल्या मोग्गल्लानाला डुलक्या येऊ लागल्या. पुढे बुद्धाच्या दोन प्रमुख शिष्यांत गणला गेलेला हा भिक्षू! बुद्ध त्याला रागावले नाहीत. त्यांनी एकामागून एक उपाय सांगितले : ध्यानाचा विषय बदल, पाठांतर म्हण, कानाच्या पाळ्या ओढ, डोळ्यांना पाणी लाव, चांदण्यांकडे बघ, येरझाऱ्या घाल. आणि तरीही झोप हटली नाही तर? तर उजव्या कुशीवर नीट आडवा हो, उठण्याचा विचार मनात ठेवून झोपी जा. शेवटचा उपाय झोप हाच! इतका व्यवहारी गुरू आजच्या परीक्षार्थींना मिळायला हवा होता.

आधुनिक काळात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला. यात १९२४ हे वर्ष लक्षात ठेवण्यासारखे आहे. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी त्या वर्षी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगाचा शास्त्रीय अभ्यास सुरू केला. त्याच वर्षी जर्मनीत येना येथे हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विद्युत्‌लहरींचा पहिला आलेख घेतला. या दोन वाटा पुढे एकत्र आल्या. १९६१ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील आनंद, छिना आणि बलदेव सिंग यांनी योग्यांचे आलेख प्रसिद्ध केले. त्यांत ध्यानावस्थेत अल्फा लहरी टिकून राहिलेल्या दिसल्या. डोळा लागला की याच लहरी विरून जातात. पतंजलींनी वेगळी मांडलेली दोन खाती यंत्रानेही वेगळी दाखवली.

पण नाण्याला दुसरी बाजूही आहे. १९७६ साली अमेरिकेत पाच अनुभवी साधकांची तपासणी झाली, तेव्हा 'ध्याना'तला सुमारे चाळीस टक्के वेळ ते चक्क झोपेत असल्याचे आढळले! २०१० साली केंटकी विद्यापीठाच्या संशोधकांनी आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. चाळीस मिनिटांच्या ध्यानानंतर नवख्यांचीही तत्परता वाढली आणि रोज बराच वेळ ध्यान करणारे जुने साधक इतरांपेक्षा कमी झोपत होते. मात्र ध्यानाने झोपेचे कर्ज फिटते, असा निष्कर्ष त्या संशोधकांनीही काढला नाही.

आता त्या मुलाविषयी. तेरा ते अठरा वर्षे वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या संस्थेने २०१६ साली केली. वाढीचे संप्रेरक खोल झोपेत अधिक स्रवते आणि दिवसा केलेला अभ्यास झोपेतच पक्का होतो. चार तास झोपून वीस मिनिटे ध्यानाला बसणारा मुलगा बहुधा बसल्या बसल्या डुलकीच घेत असतो. मी स्वतः बाहेरून एम. ए. करताना हाच उद्योग केला. आठवड्याच्या आत वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिता लिहिता डोळा लागला आणि खडू हातातून पडला. मुले हसली. त्यांचे काही चुकले नाही.

आपल्या दुभाषी मुलखात मराठीत निद्रा, कन्नडात निद्दे आणि हिंदीत नींद. शब्दाचे मूळ एकच. गरजही एकच आहे आणि ती विद्यार्थ्याला चुकली नाही तशी योग्यालाही चुकलेली नाही. येत्या कोजागिरीला ते गृहस्थ भेटतील तेव्हा मी एवढेच सांगेन : मुलाला ध्यान जरूर करू द्या, पण आधी झोपू द्या.